जिनिंगच्या शेडमधील ‘बेवारस भंगारा’बद्दल आमच्या ग्रामपंचायतीस खुले पत्र

प्रति,
माननीय सरपंच, उपसरपंच व सर्व सदस्य,
ग्रामपंचायत कार्यालय.

विषय : जुन्या जिनिंगच्या शेडमधील कलाकृती भंगार म्हणून लिलावात काढण्याच्या ठरावास जाहीर हरकत.

सप्रेम नमस्कार.

मागील मासिक सभेत आपण असा ठराव संमत केला आहे की, जुन्या जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्याच्या) शेडमध्ये पडून असलेले ‘बेवारस भंगार साहित्य’ जाहीर लिलावाने विकावे, शेड पाडून जागा मोकळी करावी आणि तेथे गट्टू बसवून, फायबरची बैलजोडी व गावाच्या नावाची रोषणाईची अक्षरे उभारून परिसराचे सुशोभीकरण करावे. ठरावाची प्रत कार्यालयाच्या फलकावर लागली, त्याच आठवड्यात मी लेखी हरकत दिली. आवक क्रमांक मिळाला, पण उत्तर मिळाले नाही. आता लिलावाची सूचना निघाल्याचे समजल्यामुळे जे अर्जात लिहिले होते ते, आणि जे अर्जात लिहिता आले नव्हते तेही, सर्वांना वाचता येईल अशा रीतीने लिहीत आहे.

या पत्रात गावाचे नाव नाही आणि ज्यांच्या कामाबद्दल ते आहे त्यांचेही नाव नाही. आपणांस दोन्ही ठाऊक आहेत. इतरांना एवढे पुरे की हे यवतमाळ जिल्ह्यातील एक कापूसपट्ट्यातले गाव आहे, आणि त्या बाई नागपूर व पुढे बडोदा येथे कलेचे शिक्षण घेऊन, तिकडचे सर्व सोडून, वडिलांच्या घरी परत आल्या. गाव त्यांना ताई म्हणते. त्यांनी आपले काम कधी प्रदर्शनाला पाठवले नाही, कुणाला मुलाखत दिली नाही, शेडमध्ये छायाचित्र काढू दिले नाही. मुंबईहून गाडी करून आलेल्या कलासमीक्षकांना त्यांनी परसदारी चहा पाजला आणि निंदण आटोपेपर्यंत शेड बंद असल्याचे सांगून वाटेला लावले. त्यांच्या इच्छेचा मान राखूनच लिहिणे मला भाग आहे. मी त्यांचा प्रतिनिधीही नाही. या ठरावाविषयी त्या माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत, आणि मीही विचारलेले नाही.

माझा या प्रकरणाशी संबंध काय, हा प्रश्न आपल्यापैकी एका सदस्यांनी चावडीवर विचारल्याचे कानावर आले. संबंध असा. मी या गावचा शाखा डाकपाल होतो. आमच्या गावातून पोरे पुण्याला, सुरतेला, नागपूरजवळच्या बुटीबोरीला कामाला गेली, आणि त्यांच्या पगारातले जे काही उरे ते मनीऑर्डरने माझ्या हातून त्यांच्या आयांच्या हाती पडे. ज्यांनी मनीऑर्डर पाहिली असेल त्यांना आठवत असेल की फॉर्मच्या एका टोकाला निरोप लिहिण्यापुरती चिंचोळी जागा असे. पैसे देताना तो तुकडा, म्हणजे कूपन, फाडून घेणाऱ्याच्या हाती द्यायचा, असा नियम होता. पैसे मोजून झाले, अंगठा घेऊन झाला, साक्षीदाराची सही झाली, की बाई तो तुकडा माझ्याकडेच परत करायची आणि म्हणायची, ‘वाचून दाखवा’. दोन ओळींत काय मावणार? या महिन्यात कमी आहेत, बैल विकू नका, डोळ्याचे दिवाळीनंतर पाहू. पण ते तुकडे कुणी टाकले नाहीत. 2015 मध्ये टपाल खात्याने जुन्या पद्धतीची मनीऑर्डर बंद केली, पैसे परस्पर खात्यात जमा होऊ लागले, आणि ट्रंकांच्या तळाशी, लुगड्यांच्या घड्यांत हे तुकडे तसेच राहून गेले.

ताईंनी ते मागितले. घरोघरी हिंडून नव्हे, कारण त्या कुणाच्या घरी जात नाहीत. बाजाराच्या दिवशी त्या शेडचे मागचे दार उघडे ठेवत आणि ज्या बायांना यायचे त्या येत, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. एकीने दिले, मग दुसरीने दिले. जुन्या नऊवारी लुगड्यांच्या विरलेल्या तुकड्यांचे कप्पे करून, प्रत्येक कप्प्यात एक कूपन बसवून, त्यांनी एक वाकळ शिवायला घेतली. ती शेडच्या छतातील काचेखाली टांगलेली आहे. सकाळी ऊन चढले की कापडातून शाई दिसू लागते. एका बाजूने अक्षरे उलटी दिसतात, वाचायची असतील तर वाकळीला वळसा घालून पलीकडे जावे लागते, आणि पलीकडे बसायला एक पाट ठेवलेला आहे. मी अनेक बाजारांना तेथे जाऊन बसलो आहे. आपापले कूपन कुठे आहे ते बायांना पक्के ठाऊक असते. ज्यांना वाचता येत नाही त्या शेजारणीला वाचायला लावतात, आणि पूर्वी जे मी एकेकीला पोस्टाच्या ओट्यावर वाचून दाखवत असे ते आता चारचौघींत मोठ्याने वाचले जाते. यातल्या काही पोरांचे पुढे काय झाले तेही गावाला माहीत आहे. आपल्या पंचनाम्यात या वाकळीची नोंद ‘जुने कपडे व कागद’ अशी आहे.

पंचनाम्याची प्रत मी माहितीच्या अधिकारात मिळवली. शेडमधल्या चार कामांच्या त्यात चार नोंदी आहेत : जुने कपडे व कागद, प्लॅस्टिक व किरकोळ लोखंड, लाकूडफाटा, दगड. पंचनामा करणाऱ्यांनी पाहिलेले खोटे लिहिले आहे असे मी म्हणणार नाही. दगडाला दगडच म्हटले आहे.

‘प्लॅस्टिक व किरकोळ लोखंड’ म्हणजे फवारणीचे पंप. याविषयी मला थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण सभेत याच कामावर सर्वांत जास्त राग निघाला असे समजले. 2017 च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात काय घडले ते मी आपणांस सांगावे असे नाही. त्या हंगामात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडे, डोक्याइतकी वाढली होती, फवारा वर मारावा लागत होता आणि तो अंगावर, डोळ्यांवर, श्वासात परत येत होता. जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. विधानसभेत चर्चा झाली, विशेष तपास पथक नेमले गेले, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली. पुढल्या हंगामात नव्या पंपांची खरेदी झाली आणि जुने पंप कोठ्यांच्या छपरांवर फेकले गेले. ताईंनी ते जमवले, सोड्याने धुऊन उन्हात वाळवले आणि शेडच्या उत्तरेच्या अर्ध्या भागात आडव्या वाशांना टांगले. ते डोक्यावर नाहीत, पायाशीही नाहीत. माणसाने पाठीवर घेतल्यावर पंप ज्या उंचीवर असतो, नेमक्या त्या उंचीवर प्रत्येक पंप आहे आणि त्याचे दोन्ही पट्टे मोकळे लोंबतात. मधून जायचे तर वाकून, खांदे आवळून जावे लागते. भिंतीवर काही लिहिलेले नाही. मृतांची यादी नाही, कंपनीचा निषेध नाही, सरकारच्या नावाने घोषणा नाही. मी पहिल्यांदा त्यातून गेलो तेव्हा पलीकडे पोहोचेपर्यंत मला कुणी काही सांगण्याची गरज उरली नव्हती.

हे ‘अशुभ’ आहे, गावाची बदनामी करणारे आहे, असे सभेत म्हटले गेले. ज्यांच्या घरचा माणूस त्या हंगामात गेला, त्यांच्यापैकी कुणी असे म्हटले असते तर मी गप्प बसलो असतो. पण त्या पंपांतले काही पंप अशाच घरांतल्या बायांनी स्वतः आणून दिलेले आहेत. एकीने तर पट्ट्याला नवऱ्याने मारलेली सुतळीची गाठ तशीच राहू द्यावी, एवढी अट घातली, आणि ती गाठ आजही तशीच आहे. विषारी कचरा म्हणून आरोग्याचा प्रश्न निघाला असेल तर तो मी समजू शकतो. तपासणी करावी, आवश्यक ती काळजी घ्यावी. मात्र कृषी केंद्रातून घेतलेल्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या आपल्या नाल्यात वर्षानुवर्षे तरंगतात, तेव्हा ही काळजी कोणत्याही ठरावात उमटलेली मी पाहिलेली नाही.

‘लाकूडफाटा’ म्हणजे पऱ्हाट्या. वेचणी संपली की उपटलेल्या पऱ्हाट्या ताई शेडभर वर्तुळांत उभ्या करतात, मुळे वर आणि शेंडे खाली. आपण ज्या पिकात वाढलो त्याची मुळे डोळ्यांसमोर येतील अशा रीतीने आपण ते कधी पाहिलेले नसते. हे काम दरवर्षी नव्याने होते आणि पावसाळ्यापूर्वी त्याच पऱ्हाट्या चुलीसाठी वाटून टाकल्या जातात. ‘दगड’ म्हणजे विहिरीच्या खोदकामातून निघालेल्या काळ्या दगडांचे परसातले वर्तुळ. त्याबद्दल इतकेच सांगतो की नागपूरजवळ जुनापाणीला अशीच शेकडो शिळावर्तुळे आहेत, लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मृतांसाठी रचलेली. विदर्भात इतरत्रही ती आढळतात. त्यांचा अभ्यास करायला एकोणिसाव्या शतकापासून लोक येत आले आहेत.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार ‘बेवारस’ या नोंदीबद्दल आहे. ज्या बाईंचे घर शेडला लागून आहे, ज्या दररोज तेथे काम करतात, ज्यांच्याकडून ग्रामपंचायत घरपट्टी घेते, त्यांचे काम बेवारस ठरते तरी कसे? सहकारी जिनिंग बंद पडल्यावर शेड ओस पडले होते. 1972 मध्ये सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना पुढे गुंडाळली गेली आणि अशी कितीतरी शेडे विदर्भात ओस पडली. तेव्हाच्या ग्रामसभेने ठराव करून ते ताईंना वापरावयास दिले होते. तो ठराव आजवर रद्द झालेला नाही. शेडची जागा गावाची आहे, हे मला मान्य आहे. परंतु जागा गावाची आहे म्हणून तिच्यावरची प्रत्येक वस्तू विकण्याचा अधिकार मासिक सभेला मिळत नाही. कूपने त्या त्या बायांची आहेत, पंप ज्यांनी दिले त्यांचे आहेत. त्यांनी ते ताईंकडे विश्वासाने सोपवले आहेत. ग्रामपंचायतीला दिलेले नाहीत.

दुसरी तक्रार नोटिशीची. ठरावात लिहिले आहे की ‘संबंधितांस नोटीस बजावली असता विहित मुदतीत कोणताही आक्षेप प्राप्त झाला नाही’. नोटीस ताईंच्या घराच्या रस्त्याकडील दारावर चिकटवण्यात आली. ते दार त्यांचे वडील वारले तेव्हापासून उघडलेले नाही. ग्रामपंचायतीचा शिपाई घरपट्टी वसूल करायला दरवर्षी परसदारी जातो आणि पावती तेथेच फाडतो. पैसे घ्यायचे असले की दार कोणते ते कार्यालयाला ठाऊक असते, आणि नोटीस द्यायची असली की ते विसरले जाते. हे अनवधानाने झाले असेल तर दुरुस्त करता येईल. एखादी व्यक्ती बोलत नाही, सभेला येत नाही, कुणाच्या दारी जात नाही, म्हणून तिची संमती गृहीत धरण्याची सोय कुठल्याही नियमात नाही.

तिसरी तक्रार अशी की इतका मोठा निर्णय ग्रामसभेपुढे आलाच नाही. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावी, असे कायदा सांगतो. या शेडशी ज्यांचा सर्वांत निकटचा संबंध आहे त्या बायाच आहेत. त्यांना कुणी विचारले? सभेच्या इतिवृत्तावर दोन महिला सदस्यांच्या सह्या आहेत. चर्चेत त्यांचा एकही शब्द नोंदलेला नाही.

चौथी तक्रार दुर्लक्षाची आहे आणि ती जुनी आहे. वादळात शेडच्या काही टिना उडाल्या, तेव्हा दुरुस्तीसाठी अर्ज गेला होता. जागा गावाची असल्यामुळे दुरुस्तीही गावाची, एवढे साधे म्हणणे होते. दुरुस्ती झाली नाही. ताईंनी मेणकापड बांधले, ते फाटले, पुन्हा बांधले. आता ‘शेड मोडकळीस आलेले असून धोकादायक आहे’ हे ठरावाचे एक कारण आहे. आधी छप्पर मोडू द्यायचे आणि मग मोडले म्हणून पाडायचे, हा क्रम आपल्या जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळाखोल्यांच्या बाबतीत मी पाहिला आहे, त्यामुळे त्याचे नवल वाटले नाही.

पाचवी गोष्ट तक्रार म्हणण्यापेक्षा उत्तर आहे. ‘यात कला कोणती?’ असा प्रश्न सभेत विचारला गेला आणि इतिवृत्तात तो नोंदला गेला, हे मला आवडले, कारण प्रश्न प्रामाणिक आहे. मलाही तो अनेक वर्षे पडत असे. ज्याला मांडणशिल्प म्हणतात तो प्रकार भिंतीवर टांगायचा नसतो, चौथऱ्यावर ठेवायचा नसतो. त्यात जाऊन उभे राहायचे असते, आणि आपण त्यात शिरल्यावरच तो पुरा होतो. आपल्या देशात विवान सुंदरम, रुम्माना हुसेन, नलिनी मलानी यांनी नव्वदच्या दशकापासून हा प्रकार रुजवला; सुंदरम यांनी 1992-93 च्या मुंबईतील दंगलींनंतर केलेले ‘मेमोरियल’ त्यातलेच. पण हे आपणांस पटलेच पाहिजे असा माझा आग्रह नाही, आणि कायद्याचाही नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलाकृतीची व्याख्या करताना चित्र, शिल्प इत्यादींबाबत स्पष्ट म्हटले आहे की त्यात कलात्मक गुणवत्ता असो वा नसो, ती कलाकृतीच. कायदेमंडळाने हा प्रश्न जाणूनबुजून सभेच्या मतदानाबाहेर ठेवला आहे. त्याच कायद्याच्या कलम 57 ने कलाकाराला आपल्या कामाची मोडतोड व विद्रूपीकरण रोखण्याचा हक्क दिला आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातले अमरनाथ सहगल यांचे कांस्य भित्तिशिल्प 1979 मध्ये सरकारने काढून गोदामात टाकले. सहगल न्यायालयात गेले आणि 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत देण्याचा व पाच लाख रुपये नुकसानभरपाईचा आदेश दिला. ते शिल्प सरकारच्या मालकीचे होते, सरकारी भिंतीवर होते, तरीही. अर्थात याच न्यायालयाने 2019 मध्ये, दिल्लीतील हॉल ऑफ नेशन्स ही पाडून टाकलेली इमारत उभारणाऱ्या वास्तुविशारदाचा दावा मान्य केला नाही, हेही मी लपवत नाही. मला न्यायालयात जायचे नाही. आपण सर्व एकाच विहिरीचे पाणी पिणारे आहोत.

सहावा मुद्दा सर्वांत अवघड आहे आणि तो उपसरपंचांनी नेमका मांडला. त्यांचे म्हणणे असे की, ताई स्वतःच आपले काम टिकवत नाहीत; पऱ्हाट्या दरवर्षी जाळायला देतात, पंपांना गंज चढू देतात; मग आपण विकले तर बिघडले काय? याचे उत्तर आपल्याच घरात आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या विदर्भात मारबत निघते. नागपूरची काळी मारबत 1881 पासून निघते. बांबू, कागद, कापड यांची ती मूर्ती मेहनतीने घडवायची, ‘ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ म्हणत गावभर मिरवायची आणि शेवटी जाळायची. ती जाळण्यासाठीच असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. म्हणून मिरवणुकीच्या आदल्या दिवशी कुणी तिचे बांबू सोडवून किलोवर विकले तर गाव ‘नाहीतरी जळणारच होती’ असे म्हणेल काय? कधी, कसे आणि कुणाच्या हातून संपायचे हे त्या कामाचाच भाग असते. शिवाय ताई सगळेच संपू देतात हेही खरे नाही. पऱ्हाट्या त्या वाटून टाकतात, पण मनीऑर्डरची वाकळ प्रत्येक पावसाळ्यापूर्वी स्वतः उतरवतात, कडुनिंबाचा पाला घालून घडी करतात आणि पाऊस सरल्यावर पुन्हा टांगतात. काय राहू द्यायचे आणि काय जाऊ द्यायचे याचा निर्णय त्या वर्षानुवर्षे घेत आल्या आहेत. तो निर्णय त्यांचा आहे. लिलावाची बोली त्याची जागा घेऊ शकत नाही.

असा पेच पडलेली आपली पहिलीच ग्रामपंचायत नव्हे. चंदीगडमध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या नेकचंद नावाच्या रस्ता निरीक्षकाने 1957 पासून सरकारी वनजमिनीवर, कुणाला कळू न देता, फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि दगड यांची एक सृष्टी उभी केली. सत्तरच्या दशकात ती उघडकीस आली तेव्हा नियमाने ती पाडायलाच हवी होती, कारण अतिक्रमण उघड होते. प्रशासनाने ती 1976 मध्ये लोकांसाठी खुली केली आणि नेकचंदांना त्याच कामावर नेमले. पुढे बुलडोझर आले तेव्हा नागरिक साखळी करून उभे राहिले. अमेरिकेत वॉशिंग्टनमध्ये जेम्स हॅम्प्टन नावाचा सफाई कामगार भाड्याच्या गॅरेजमध्ये, जुने फर्निचर आणि चंदेरी-सोनेरी कागद वापरून, एक भव्य सिंहासन रचत होता. 1964 मध्ये तो वारल्यावर थकलेल्या भाड्यासाठी गॅरेजच्या मालकाने दार उघडले. त्याने ते भंगारवाल्याला दिले नाही, आणि ते जाणकारांपर्यंत पोहोचले. आज ते काम तेथील स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहात आहे. आणि फ्रान्समधल्या ओतरीव्ह या खेड्यातला फेर्दिनां शेव्हाल तर माझ्याच खात्यातला माणूस. पायी टपाल वाटता वाटता वाटेवरचे दगड आधी खिशात, मग टोपलीत, मग ढकलगाडीत घालून आणत, 1879 पासून 1912 पर्यंत 33 वर्षे तो एकटा एक महाल बांधत राहिला. गावाने त्याला वेडा म्हटले. 1969 मध्ये फ्रान्स सरकारने त्या महालाला राष्ट्रीय वारसा म्हणून संरक्षण दिले. टपाल वाटणाऱ्या माणसाला गावाची ओळख पायांनी झालेली असते, असे माझे मत आहे. ते जरा पक्षपाती असेल.

सुशोभीकरणाला माझा विरोध नाही. बैलजोडी उभारायची असेल तर अवश्य उभारा, बसस्थानकासमोर जागा मोकळी आहे आणि तेथे ती जास्त लोकांना दिसेलही. गावात खऱ्या बैलजोड्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या असताना फायबरची एक असावी, यात मला वावगे दिसत नाही. मात्र तिच्यासाठी शेडच पाडले पाहिजे असे अंदाजपत्रकात कुठेही म्हटलेले नाही.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. लिलावाची सूचना तत्काळ मागे घ्यावी आणि शेडमधील कोणतीही वस्तू हलवू नये. ज्या ठरावात या साहित्याला बेवारस म्हटले आहे तो रद्द करून विषय आधी महिला सभेपुढे व नंतर ग्रामसभेपुढे ठेवावा, आणि त्या सभांची सूचना ताईंना परसदारी, हाती द्यावी. त्या सभेला आल्या नाहीत तर त्यांचे म्हणणे लेखी मागवावे, आणि त्यासाठी पुरेसा वेळ द्यावा. ज्यांची कूपने व पंप तेथे आहेत त्या प्रत्येकीचे म्हणणे इतिवृत्तात तिच्या शब्दांत नोंदवावे. पंचनामा नव्याने करावा, आणि तो करताना नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयातील एखाद्या जाणकार शिक्षकास सोबत घ्यावे. छायाचित्रे मात्र ताईंच्या परवानगीशिवाय काढू नयेत. उडालेल्या टिना पावसाळ्यापूर्वी बसवाव्यात. हा खर्च फायबरच्या बैलजोडीच्या तुलनेत अगदीच किरकोळ आहे, आणि ग्रामपंचायतीला तो जड जात असेल तर गावातून वर्गणी काढण्याची जबाबदारी मी घेतो. शेडच्या जागेचा वापर ताईंना त्यांच्या हयातीत करता येईल असे ग्रामसभेच्या ठरावाने पुन्हा स्पष्ट करावे. त्यांच्यानंतर काय करायचे ते त्यांनाच विचारून ठरवावे.

एक मागणी उलट दिशेची आहे. हे पत्र वाचून उद्या कुणी सुचवेल की मग शेडवर फलक लावू, पर्यटनस्थळ करू, तिकीट ठेवू. तेही करू नये. ताईंनी ज्यांच्यासाठी दार उघडे ठेवले त्या बाजाराच्या दिवशी येतात आणि त्यांना फलकाची गरज पडत नाही. याच कारणाने, बाहेरगावच्या वाचकांना माझी विनंती आहे की गाव शोधत गाडी घेऊन येऊ नये. मदत करायचीच असेल तर आपल्या गावातल्या बंद जिनिंगमध्ये, गिरणीत, धर्मशाळेत कोण काय करत बसले आहे ते एकदा आत जाऊन पाहावे, आणि तेथील ग्रामपंचायतीच्या फलकावर कोणते ठराव लागतात तेही वाचत राहावे.

लिलावाच्या तारखेपूर्वी लेखी उत्तर मिळावे अशी अपेक्षा आहे. माझे घर पोस्टासमोरच आहे आणि पुढचे दार दिवसभर उघडे असते. या पत्राची प्रत गटविकास अधिकारी, पंचायत समिती यांच्याकडे टपालाने पाठवली आहे, आणि एक प्रत पुढच्या बाजाराच्या दिवशी शेडमध्ये येणाऱ्या बायांना मी स्वतः वाचून दाखवणार आहे. आपल्यापैकी ज्या सदस्यांनी शेड आतून पाहिलेले नाही त्यांनी त्या दिवशी जरूर यावे. सकाळी दहापूर्वी यावे, नंतर काचेवरचे ऊन सरकते.

आपला,
या गावचा एक निवृत्त शाखा डाकपाल